बुद्धिबळातील अंतिम पर्व आणि ग्रंथनिवडीचा प्रश्न : 'विलासमणिमंजरी' ते आधुनिक ग्रंथ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बुद्धिबळ हा मूळ भारतीय खेळ असून मराठी भाषेशी त्याचे नाते अत्यंत जुने व जवळचे आहे. शह, काटशह, मात, प्यादे, वजीर हे शब्द मराठी माणूस राजकारणापासून घरगुती भांडणापर्यंत सर्वत्र सहजपणे वापरतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचे वर्णन आले आहे. सतराव्या शतकात काशी येथे वास्तव्य करणारे, परंतु मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्ट यांनीही आपल्या 'नीतिमयूख' ग्रंथात या खेळाची माहिती नमूद केली आहे. अर्थात खेळाची परंपरा जुनी असणे ही एक बाब झाली आणि तो खेळ ग्रंथाच्या आधारे शिकण्याची परंपरा असणे ही वेगळी बाब होय.

बुद्धिबळाच्या डावाचे प्रारंभ, मध्य आणि अंतिम पर्व असे तीन भाग मानले जातात. बरीच मोहरी पटावरून गेल्यानंतर राजा, प्यादी आणि एक-दोन मोहरी एवढ्यावर जो खेळ उरतो, त्यास अंतिम पर्व अथवा रूढ शब्दात 'एंडगेम' असे म्हणतात. डावाचा निकाल प्रायः येथे ठरतो. तरीही अभ्यासात याच पर्वाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अंतिम पर्व सुधारण्यासाठी कोणता ग्रंथ निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खेळाडूच्या आवडीनिवडीचा वाटतो. परंतु त्यास सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास असून त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा दुवा मुंबई इलाख्यात सापडतो. त्याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. इ. स. १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या बुद्धिबळविषयक ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करणे.
२. खेळाचे नियम आणि अंतिम पर्वाचे ग्रंथ यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. अंतिम पर्वावरील आधुनिक ग्रंथांचे स्वरूपानुसार वर्गीकरण करणे.
४. ग्रामीण व निमशहरी भागातील विद्यार्थी आणि महाविद्यालयीन ग्रंथालये यांच्या दृष्टीने ग्रंथनिवडीचे निकष सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे तुलनात्मक पद्धतीचा आधार घेतला आहे.

१) 'विलासमणिमंजरी' आणि १८१४ चा मुंबईतील ग्रंथ :

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात, दुसरा बाजीराव पुण्याच्या गादीवर असताना, इ. स. १८१४ मध्ये मुंबई येथे बुद्धिबळावरील एक इंग्रजी ग्रंथ छापला गेला. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री होत. त्यांच्या नावातील 'वेंगड' हा शब्द तिरुमलाच्या डोंगराचा निर्देश करणारा असल्याने हे नाव दक्षिणेकडील परंपरेतील आहे, हे उघड आहे. हा ग्रंथ मूळ संस्कृतातील 'विलासमणिमंजरी' या रचनेवर आधारलेला होता. ग्रंथाच्या लांबलचक इंग्रजी शीर्षकावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट अशी की, हे निबंध युरोपीय खेळपद्धतीस अनुकूल करून घेतलेले होते. दुसरी, त्यात प्रामुख्याने पटावरील निर्णायक स्थिती दिलेल्या होत्या. तिसरी, शिकणाऱ्याची प्रगती आणि स्मरणशक्तीचा व्यायाम असे दुहेरी प्रयोजन त्यात सांगितलेले होते.

बुद्धिबळाच्या इतिहासाचे प्रसिद्ध अभ्यासक एच. जे. आर. मरे यांनी १९१३ साली प्रकाशित केलेल्या आपल्या बृहद् इतिहासग्रंथात या पुस्तकाची दखल घेतली आहे. त्यामुळे जागतिक अभ्यासकांना ते परिचित आहे. मराठी वाचकांस मात्र ते फारसे ठाऊक नाही, ही खेदाची बाब होय.

या ग्रंथाचा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबईत १८०४ साली 'लिटररी सोसायटी'ची स्थापना झाली होती आणि भारतीय विद्यांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये कुतूहल वाढीस लागले होते. संस्कृत पंडिताचे ज्ञान इंग्रजी वाचकासमोर मांडण्याची ही प्रक्रिया होती. याच काळात मराठी मुद्रण बाल्यावस्थेत होते. परिणामी, ज्ञान संस्कृतात रचले गेले, इंग्रजीत छापले गेले आणि ज्या भूमीत ते छापले गेले तेथील सामान्य मराठी खेळाडू मात्र दोन्हींपासून दूर राहिला. त्याने अंतिम पर्व शिकले ते ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात अथवा वाड्याच्या पडवीत, वडीलधाऱ्यांचा खेळ पाहून. ग्रंथ आणि खेळाडू यांच्यामधील हे भाषिक अंतर प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

२) नियमभेद आणि अंतिम पर्व :

'युरोपीय पद्धतीस अनुकूल' या शब्दप्रयोगामागे एक महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा दडलेला आहे. भारतात त्या काळी प्रचलित असलेले नियम प्रांतपरत्वे भिन्न असले, तरी काही बाबतीत ते युरोपीय नियमांहून वेगळे होते आणि त्यांचा सर्वाधिक परिणाम अंतिम पर्वावरच होत असे.

अ) प्याद्याची बढती : युरोपीय नियमानुसार शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याचे खेळाडूच्या इच्छेनुसार कोणतेही मोहरे होते आणि साहजिकच बहुधा वजीर केला जातो. भारतीय पद्धतीत मात्र प्यादे ज्या उभ्या रांगेत शेवटच्या घरात पोहोचेल, त्या रांगेच्या मूळ मोहऱ्याची जागा ते घेत असे. हत्तीच्या रांगेतील प्याद्याचा हत्ती, घोड्याच्या रांगेतील प्याद्याचा घोडा, याप्रमाणे बढती होई. परिणामी प्रत्येक प्याद्याचे मूल्य त्याच्या रांगेवर अवलंबून असे. युरोपीय नियमात एकट्या घोड्याने मात होत नाही. तेव्हा घोड्याच्या रांगेतील एकमेव प्यादे पुढे नेण्याचा भारतीय खेळाडूचा हिशेब अगदी वेगळा असणार, हे उघड आहे.

आ) बुर्जी : एका पक्षाची सर्व मोहरी व प्यादी मारली जाऊन केवळ राजा उरला, तर अनेक ठिकाणी तो डाव 'बुर्जी' मानून पूर्ण विजय दिला जात नसे. याचा अर्थ असा की, बलवान पक्षाने प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे मोहरे मारण्याची घाई करून चालत नसे. ते मोहरे जिवंत ठेवून मात करावी लागे. आधुनिक खेळाडूस प्रतिस्पर्ध्याची सर्व मोहरी मारणे हा सुरक्षित मार्ग वाटतो. तत्कालीन खेळाडूसाठी तीच मोठी चूक ठरत असे.

इ) प्यादेमात : केवळ मात करण्यापेक्षा कोणत्या मोहऱ्याने मात केली यास भारतीय खेळात प्रतिष्ठा होती. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाई. त्यामुळे भारतीय कूटस्थितींमध्ये ठरावीक प्याद्याने मात करण्याच्या अटी आढळतात.

या तिन्ही बाबींवरून एक निष्कर्ष निघतो. अंतिम पर्वाचा ग्रंथ हा नियमांशी बांधलेला असतो. प्रारंभीच्या चालींचे सर्वसाधारण तत्त्व दोन्ही पद्धतींत काही अंशी समान राहू शकते. परंतु पटावर चार-पाच मोहरी उरली असता एका नियमातील फरकाने जिंकलेला डाव बरोबरीत जातो. म्हणूनच त्रिवेंगडाचार्यांचा ग्रंथ इंग्रज वाचकांपुढे ठेवताना तो युरोपीय पद्धतीस अनुकूल करणे क्रमप्राप्त ठरले.

३) ग्रंथाविना प्रावीण्य : मीर सुलतान खान :

ग्रंथ नसताना अंतिम पर्वात प्रावीण्य मिळविता येते काय, या प्रश्नाचे उत्तर पंजाबातील मीर सुलतान खान यांच्या उदाहरणातून मिळते. भारतीय नियमांनी खेळ शिकलेल्या या खेळाडूने १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेतेपद मिळविले आणि १९२९, १९३२ व १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांचा पराभव केला. प्रारंभीच्या चालींचे ग्रंथज्ञान त्यांच्यापाशी जवळजवळ नव्हते. परंतु मध्यपर्व व अंतिम पर्व यांतील त्यांच्या सामर्थ्याची सर्वांनी प्रशंसा केली. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

तथापि, या उदाहरणावरून ग्रंथ अनावश्यक आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सुलतान खान यांच्यासारखी प्रतिभा विरळा असते. शिवाय त्यांना उत्तम प्रतिस्पर्ध्यांशी सातत्याने खेळावयास मिळाले. सामान्य खेळाडूस हे दोन्ही लाभत नाही. त्याच्यासाठी ग्रंथ हाच गुरू ठरतो.

४) अंतिम पर्वावरील ग्रंथांचे वर्गीकरण :

जागतिक स्तरावर अंतिम पर्वावरील लेखनाचा विकास पाहता त्याचे स्थूलमानाने चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार – कूटसंग्रह : अरबी परंपरेतील 'मन्सूबा', भारतीय कूटस्थिती आणि १८१४ चा मुंबईतील ग्रंथ यांचा समावेश यात करता येईल. १८५१ साली क्लिंग व हॉरविट्झ यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यासस्थितींचा संग्रह हा कूट आणि प्रत्यक्ष खेळ यांना जोडणारा टप्पा होय. या ग्रंथांमुळे कल्पकता व गणनशक्ती वाढते. परंतु प्रत्यक्ष डावात तशीच स्थिती येईल याची शाश्वती नसते.

दुसरा प्रकार – सिद्धान्तकोश : अंतिम पर्वातील स्थितींची मोहऱ्यांनुसार पद्धतशीर मांडणी करणारे हे ग्रंथ होत. योहान बर्गर यांचा १८९० चा जर्मन ग्रंथ, रूबेन फाइन यांचा १९४१ चा इंग्रजी ग्रंथ आणि युरी अवेरबाख यांनी १९५६ पासून रशियन भाषेत सिद्ध केलेले खंड ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. मार्क द्वोरेत्स्की यांचा २००३ मध्ये इंग्रजीत आलेला ग्रंथही याच परंपरेतील असून त्याने लक्षात ठेवण्याच्या नेमक्या स्थिती आणि सखोल विश्लेषण यांची मुद्रणातच वेगळी ओळख करून दिली. हे ग्रंथ संदर्भासाठी अपरिहार्य आहेत. मात्र नवशिक्याने प्रथम पृष्ठापासून अखेरपर्यंत वाचण्याचे ते साहित्य नव्हे.

तिसरा प्रकार – क्रमिक पाठ्यग्रंथ : विद्यार्थ्याची पातळी लक्षात घेऊन निवडक ज्ञान देणारे हे ग्रंथ असतात. कापाब्लांका यांच्या १९२१ च्या मूलतत्त्वविषयक ग्रंथात साध्या मातींपासून व प्याद्यांच्या डावांपासून आरंभ केला आहे. अमेरिकन लेखक जेरेमी सिलमन यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पातळीवार पाठ रचले. स्पॅनिश ग्रँडमास्टर हेसुस दे ला विया यांनी २००८ मध्ये इंग्रजीत आलेल्या ग्रंथात माहीत असणे अत्यावश्यक अशा शंभर स्थितीच निवडल्या.

चौथा प्रकार – व्यूहविषयक ग्रंथ : यात नेमक्या स्थितीपेक्षा विचारपद्धतीस महत्त्व असते. मिखाईल शेरेशेव्स्की यांचा १९८५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेला ग्रंथ याचे उत्तम उदाहरण होय. राजा पटाच्या मध्यभागी आणणे, घाई न करणे, मोहऱ्यांची इच्छित मांडणी आधी मनात ठरवून मग चाली शोधणे, प्रतिस्पर्ध्याची एक कमकुवत जागा पुरेशी नसल्यास दुसरी निर्माण करणे, अशा तत्त्वांभोवती त्यातील प्रकरणे गुंफलेली आहेत.

५) स्मरण की आकलन :

१८१४ च्या ग्रंथाने शिकणाऱ्याची प्रगती व स्मरणशक्तीचा व्यायाम ही दोन प्रयोजने एकत्र सांगितली होती. गेल्या दोन शतकांत याच दोन शब्दांभोवती अंतिम पर्वाच्या अध्यापनाचा वाद फिरत राहिला आहे.

काही गोष्टी पाठ असल्याच पाहिजेत, यात शंका नाही. उदाहरणार्थ, एका पक्षाकडे राजा व एक प्यादे आणि दुसऱ्याकडे केवळ राजा असता, राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोहोचला तर चाल कोणाचीही असो, डाव जिंकता येतो. अपवाद केवळ कडेच्या प्याद्याचा. हत्ती व प्यादे विरुद्ध हत्ती या लढतीत प्यादे सातव्या ओळीत, त्याचा राजा त्यापुढील बढतीच्या घरात आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा बाजूला तोडलेला असेल, तर हत्ती चौथ्या ओळीत आणून आपल्या राजासाठी आडोसा उभा करावयाचा असतो. ही स्थिती लुसेनाच्या नावाने ओळखली जाते; वास्तविक १४९७ च्या त्याच्या ग्रंथात ती आढळत नाही, ती १६३४ मध्ये साल्व्हिओ याच्या ग्रंथात येते. याउलट दुर्बळ पक्षाने आपला राजा प्याद्याच्या मार्गात ठेवून हत्तीने एक संपूर्ण आडवी ओळ अडवून धरावी आणि प्यादे त्या ओळीत पुढे सरकताच हत्ती दूर मागे नेऊन पाठीमागून शह देत राहावे, हा बचाव फिलिडोर याने अठराव्या शतकात दाखवून दिला. या दोन स्थिती ज्यास ठाऊक नाहीत, तो जिंकलेला डाव गमावतो आणि वाचणारा डाव हरतो.

परंतु केवळ पाठांतराने भागत नाही. पटावर पाच-पाच प्यादी व एकेक हत्ती असता नेमकी पाठ केलेली स्थिती अजून दूर असते. त्या स्थितीकडे जावे की तिच्यापासून दूर राहावे, हे ठरविण्यासाठी व्यूहाचे आकलन लागते. स्मरण हे गंतव्य दाखविते आणि आकलन हे वाट दाखविते, असे म्हणता येईल. त्यामुळे तिसऱ्या व चौथ्या प्रकारचे ग्रंथ परस्परांस पर्याय नसून पूरक आहेत.

संगणकाच्या आगमनाने या वादास नवे वळण मिळाले. २०१२ मध्ये सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे संपूर्ण उत्तरसंच तयार झाले आणि २०१८ नंतर त्यांचे अधिक आटोपशीर रूप सर्वांना उपलब्ध झाले. आता अशा स्थितीचा अचूक निकाल क्षणात कळतो. परंतु 'का' या प्रश्नाचे उत्तर हा संच देत नाही आणि स्पर्धेच्या पटावर तो जवळ बाळगता येत नाही. दुसरीकडे, पूर्वी डाव स्थगित ठेवून रात्री ग्रंथ उघडून विश्लेषण करण्याची सोय होती. १९९० च्या दशकात ती प्रथा मागे पडली. डावाचा अखेरचा टप्पा आता कमी वेळेत, स्वतःच्या डोक्यातील शिदोरीवर खेळावा लागतो. म्हणजेच उत्तरे स्वस्त झाली असली, तरी अंतिम पर्वाच्या अभ्यासाची गरज वाढलीच आहे.

६) महाराष्ट्र आणि ग्रामीण विद्यार्थी :

आधुनिक काळात महाराष्ट्राने बुद्धिबळात भरीव कामगिरी केली आहे. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी रोहिणी खाडिलकर १९८१ व १९८३ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये, अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या ऑलिंपियाडमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघात होता आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला.

ही यादी पाहता मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर ही शहरे डोळ्यांसमोर येतात. या शहरांना जोडणाऱ्या मार्गांवरील गावांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे (ता. भिवंडी, जि. ठाणे) हे असेच एक गाव होय. यंत्रमाग आणि गोदामे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यातून मालवाहतूक अहोरात्र चालते. महानगर येथून दूर नाही. पण खासगी प्रशिक्षकाचे शुल्क आणि दर आठवड्याचा प्रवास कामगार वा शेतकरी कुटुंबातील मुलास परवडेलच असे नाही. अशा विद्यार्थ्याच्या हाती एकच ग्रंथ येण्याची शक्यता असते आणि तोही इंग्रजीत. शहरातील खेळाडूने चुकीचा ग्रंथ घेतला, तर त्याचे थोडे पैसे जातात. या विद्यार्थ्याने घेतला, तर त्याचे उमेदीचे एक वर्ष जाते. जाडजूड सिद्धान्तकोश पाहून 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून तो पट मिटवून ठेवण्याचीही भीती असते. १८१४ मध्ये जे भाषिक अंतर होते, ते वेगळ्या रूपात आजही त्याच्यापुढे उभे आहे.

७) ग्रंथनिवडीचे निकष :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील निकष सुचविता येतात.

१. ग्रंथ खेळाडूच्या सद्यःपातळीचा असावा. साध्या माती, राजा-प्याद्याचे डाव आणि हत्तीचे मूलभूत डाव येत नसतील, तर क्रमिक पाठ्यग्रंथापासूनच आरंभ करावा.
२. हत्तीच्या अंतिम डावांना ग्रंथात पुरेसे स्थान असावे. कारण प्रत्यक्ष खेळात ते सर्वाधिक येतात.
३. पटाच्या आकृत्या विपुल असाव्यात. चालींची चिन्हे आंतरराष्ट्रीय असल्याने इंग्रजी कच्चे असलेला विद्यार्थीही आकृतीच्या आधारे बरेच शिकू शकतो.
४. प्रत्येक स्थितीमागील कारण सांगितलेले असावे. केवळ चालींची जंत्री नसावी.
५. पायाभूत स्थिती आत्मसात झाल्यावर व्यूहविषयक ग्रंथ घ्यावा. हा क्रम उलटा करू नये.
६. सिद्धान्तकोश व्यक्तीने विकत घेण्याऐवजी ग्रंथालयाने संदर्भ विभागात ठेवावा.

महाविद्यालयीन ग्रंथालयाने प्रत्येकी एक पाठ्यग्रंथ, एक व्यूहग्रंथ आणि एक सिद्धान्तकोश अशी तीन पुस्तके घेतली, तरी विद्यार्थ्यांची अनेक वर्षांची गरज भागू शकते. त्यांच्या जोडीला क्रीडाशिक्षक व मराठी विभाग यांनी मिळून निवडक वीस-पंचवीस स्थितींची मराठी टिपणे तयार केल्यास भाषेची अडचण पुष्कळ अंशी दूर होईल.

निष्कर्ष :

१. अंतिम पर्व सुधारण्यासाठी ग्रंथ रचण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न पेशवाईच्या अखेरच्या काळात मुंबईत प्रकाशात आला. त्याचा लाभ मराठी खेळाडूस मात्र झाला नाही.
२. अंतिम पर्वाचे ज्ञान नियमसापेक्ष असते. त्यामुळे भारतीय पद्धतीतील अनुभव जसाच्या तसा आधुनिक खेळात उपयोगी पडत नाही.
३. स्मरण व आकलन यांचा वाद हा निवडीचा नसून क्रमाचा आहे. आधी मोजक्या स्थितींचे दृढ स्मरण आणि नंतर व्यूहाचे आकलन हा क्रम हितकर ठरतो.
४. सर्वांत प्रसिद्ध वा सर्वांत मोठा ग्रंथ हा सर्वांत उपयुक्त असतोच असे नाही. वाचकाची पातळी, भाषा आणि साधने यांचा विचार करूनच निवड व्हावी.

अंतिम पर्वात प्रत्येक चालीचे मोल वाढते आणि एका प्याद्याच्या बळावर संपूर्ण डाव जिंकता येतो. म्हणूनच साधने मोजकी असलेल्या विद्यार्थ्यास हे पर्व सर्वांत जवळचे वाटावे. त्याच्या हाती योग्य ग्रंथ, त्याला समजेल अशा भाषेतील टिपणांसह, वेळेवर पोहोचविणे हे शिक्षणसंस्थांचे दायित्व आहे. दोनशे वर्षांपूर्वी राहून गेलेले ते काम आता तरी पूर्ण व्हावे.